बादलीभर सिलिकोन आणि एक गाव: 'द ब्लॉब'चा प्रकरण अभ्यास

१९५७ साली फिलाडेल्फियात जॅक एच. हॅरिस नावाचा एक चित्रपट वितरक होता. दुसऱ्यांचे चित्रपट थिएटरांना पुरवणं हा त्याचा धंदा, आणि आता त्याला स्वतःचा चित्रपट काढायचा होता. कल्पना साधी होती. अंतराळातून उल्का पडते, तिच्या पोटातून एक लिबलिबीत सजीव गोळा बाहेर येतो, समोर येईल त्या माणसाला गिळतो आणि प्रत्येक घासागणिक मोठा होत जातो. पैसे उभे राहिले ते सुमारे १ लाख १० हजार डॉलर. सप्टेंबर १९५८ मध्ये चित्रपट 'द ब्लॉब' या नावाने लागला आणि त्याने सुमारे ४० लाख डॉलरचा धंदा केला. त्याचं चित्रीकरण झालं त्यांतल्या एका गावात आजही दर उन्हाळ्यात त्याच्या नावाने उत्सव भरतो.

"एवढ्या कमी पैशांत केवढं काम केलं!" असं या चित्रपटाचं कौतुक नेहमी होतं. मला ते अपुरं वाटतं. त्याच दशकात अमेरिकेत स्वस्तातले परग्रहवासी ढिगाने निघाले. रबरी सूट घातलेली माणसं, दोरीला लोंबकळणाऱ्या तबकड्या, कुठल्या तरी टेकाडामागे उभारलेला पुठ्ठ्याचा ग्रह. पैसे त्या मंडळींकडेही नव्हते, आणि त्यांतले बहुतेक चित्रपट आज कुणाच्या लक्षात नाहीत. तेव्हा यशाचं श्रेय नुसत्या तंगीला देता येत नाही. तंगीत कोणते निर्णय घेतले गेले ते बघायला हवं. माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय राक्षसाच्या निवडीचा होता. चेहरा, हातपाय, डोळे, आवाज हे सगळं बनवायला पैसे लागतात. या मंडळींनी असा प्राणी घेतला की ज्याला यातलं काहीच नको होतं, आणि उरलेली ताकद त्यांनी गावातल्या माणसांवर लावली. पुढचं सगळं याच अंगाने पाहायचं आहे.

मंडळी कोण होती

हॅरिसने दिग्दर्शनासाठी गाठलं ते इर्विन येवर्थ यांना. येवर्थ धार्मिक आणि शैक्षणिक लघुपट काढणारे गृहस्थ. त्यांचा व्हॅली फोर्ज हा स्टुडिओ पेनसिल्व्हेनियात चेस्टर स्प्रिंग्जजवळच्या यलो स्प्रिंग्ज या जुन्या वस्तीत होता, हॉलिवूडपासून अख्खा देश ओलांडून पलीकडे. पटकथेवर दोन नावं आहेत. एक थिओडोर सायमनसन, जे मेथडिस्ट पंथाचे पाद्री होते. दुसऱ्या केट फिलिप्स, ज्या के लिनाकर या नावाने आधी पडद्यावर अभिनय करत असत. मूळ कल्पना अर्विन मिलगेट यांची. पार्श्वसंगीत राल्फ कारमायकेल यांचं, आणि त्यांचाही पिंड ख्रिस्ती धार्मिक संगीताचा.

आता या माणसांच्या हाती माणूस गिळणाऱ्या गोळ्याची गोष्ट आली. हे जोडपं विजोड वाटेल, पण हिशेबाने पाहिलं तर हॅरिसला याहून चांगली टीम मिळाली नसती. येवर्थ यांच्याकडे स्वतःचे कॅमेरे, स्वतःचे दिवे, चित्रीकरणाला जागा आणि एकमेकांच्या हाताची सवय असलेली माणसं होती. भाड्याने आणायचं, शिकवायचं, जुळवून घ्यायचं असं फार थोडं राहिलं. शिवाय लघुपट करणाऱ्याला एक शिस्त लागलेली असते: फिल्म जपून वापरायची, आणि प्रत्येक प्रसंग काय सांगतो हे आधी ठरवायचं. चित्रपटाच्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत ही शिस्त लख्ख दिसते.

चित्रीकरणही आसपासच झालं. फिनिक्सव्हिल गावातलं कलोनियल थिएटर, डाउनिंगटाउनमधलं डायनर म्हणजे खाणावळ, आजूबाजूचे रस्ते. पळणारी गर्दी म्हणून स्थानिक लोकच उभे राहिले. स्टुडिओत बांधलेल्या खोट्या गावात जे मिळत नाही ते इथे आपसूक मिळालं. दुकानांच्या पाट्या, रात्री रिकामी झालेली पेठ, एकमेकांना नावाने ओळखणारी माणसं, सगळं खरं होतं.

राक्षस दाखवायचा कसा

ब्लॉब म्हणजे सिलिकोन. युनियन कार्बाइड कंपनीत तयार होणारा घट्ट, ओघळणारा पदार्थ, त्यात लाल वनस्पतिजन्य रंग घातलेला. पाच गॅलनच्या बादलीत मावेल एवढाच साठा होता. अख्ख्या चित्रपटात गावाला वेढा घालणारा राक्षस तो एवढाच. विशेष दृश्यांची जबाबदारी बार्ट स्लोन यांच्याकडे होती.

हा पदार्थ का चालला, यावर थोडं थांबायला हवं. लहान प्रतिकृती वापरून मोठं काही दाखवायचं, तर पाणी आणि आग या दोन गोष्टी हमखास दगा देतात. टेबलावरच्या छोट्या समुद्रात उडालेला थेंब हा थेंबच दिसतो, लाट दिसत नाही, कारण थेंबाचा आकार आपल्या डोळ्यांना पाठ असतो. सिलिकोनचे थेंब उडत नाहीत. तो ओढला जातो, फुगतो, हळूहळू पसरतो, आणि त्याच्या अंगावर असं एकही चिन्ह नसतं की ज्यावरून डोळा त्याचं माप काढेल. तळहाताएवढा गोळा आणि घराएवढा गोळा सारखेच दिसतात. माणसाचा पुतळा लहान केला की तो बाहुली दिसतो. ब्लॉब लहान केला तरी ब्लॉबच राहतो. त्यात हा पदार्थ वाळत नाही. दिव्यांखाली कितीही वेळ ठेवा, त्याची ओली चकाकी तशीच राहते, आणि ओलं दिसलं की प्रेक्षकाला ते जिवंत वाटतं.

दुसरा निर्णय रंगाचा. त्या काळातले स्वस्त विज्ञानभयपट बहुतेक कृष्णधवल असत, कारण रंगीत फिल्म महाग. इथे पैसे वाचवायला शंभर जागा होत्या, तरी यांनी रंगीत फिल्म घेतली. कृष्णधवलमध्ये हा गोळा डांबर किंवा चिखल वाटला असता. रंगात तो माणसं खाऊन लाल होतो. सुरुवातीला, उल्केतून निघतो तेव्हा तो जवळजवळ रंगहीन आहे. म्हाताऱ्याला गिळल्यावर लाली चढते, आणि पुढे प्रत्येक बळीबरोबर ती गडद होत जाते. पडद्यावर रक्ताचा एक थेंबही दाखवलेला नाही. सगळं रक्त त्या गोळ्याच्या रंगात गेलं आहे. तुटपुंज्या पैशांतही जी एक गोष्ट महाग घ्यावी लागते ती कोणती, हे ज्याला कळलं त्याने हा चित्रपट केला आहे.

डायनरचा शॉट

सगळ्यात अवघड प्रसंग शेवटाकडचा. अमेरिकेतलं डायनर म्हणजे रेल्वेच्या डब्यासारखी लांबट खाणावळ. नायक, नायिका, तिचा लहान भाऊ आणि डायनर चालवणारी माणसं आत अडकली आहेत आणि ब्लॉबने अख्खी इमारत वरून झाकून टाकली आहे. एवढा मोठा गोळा खऱ्या इमारतीवर चढवणं अशक्य. बारकाव्यांसकट मोठी प्रतिकृती करायची तर वेळ आणि पैसा दोन्ही हवेत.

त्यांनी काय केलं? डायनरचा मोठा फोटो घेतला आणि तो एका टेबलावर बसवला. हे टेबल कुठल्याही बाजूला कलतं करता येत असे, आणि कॅमेरा त्याच टेबलाला घट्ट जोडलेला होता. फोटोवर सिलिकोन ओतला. टेबल हलवलं, कलवलं, की सिलिकोन फोटोवरून घरंगळत खाली जायचा. कॅमेरा टेबलाबरोबरच कलत असल्यामुळे चित्रात इमारत स्थिर दिसते आणि फक्त गोळा हलतो. मग तीच फिल्म उलटी छापली. घरंगळून खाली गेलेला सिलिकोन आता खालून वर सरकत इमारत गिळताना दिसू लागला.

या युक्तीत कॅमेऱ्याच्या जोडणीला सगळं महत्त्व आहे. कॅमेरा वेगळा, जमिनीवर उभा असता, तर टेबल कलतं आहे हे लगेच उघडं पडलं असतं. टेबलाला जोडल्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा कल प्रेक्षकाच्या नजरेतून नाहीसा होतो. 'खाली' कुठे आहे तेच कळत नाही, म्हणून गोळा स्वतःच्या मर्जीने चालतोय असं वाटतं. आज लहान मुलांनाही उलटा व्हिडिओ कसा करतात ते माहीत आहे. तरी हा शॉट पाहताना अंगावर काटा येतो, कारण द्रव पदार्थ असा चढत जाताना आपण कधी पाहिलेला नसतो. डोळा आधी बिचकतो, युक्ती मागाहून कळते.

जवळून पाहिलं तर फोटो कुठे संपतो तेही दिसतं. मला त्याने काही बिघडलं असं वाटत नाही.

न दाखवलेले मृत्यू

सुरुवातीचा म्हातारा काठीने उल्का टोचतो. कवच फुटतं, आतला गोळा काठीला चिकटतो, म्हातारा कुतूहलाने काठी फिरवून पाहतो आणि क्षणात तो त्याच्या हातावर येतो. ही भूमिका ऑलिन हाउलंड या मुरलेल्या नटाची, आणि त्यांची ही शेवटची चित्रपट भूमिका ठरली. त्या हाताकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव आधी नवलाचा आहे, मग वेदनेचा. एवढ्या एका हातावर पुढचा सगळा चित्रपट उभा आहे, कारण यानंतर आपल्याला मृत्यू जवळजवळ दाखवलेच जात नाहीत.

गाडीतून जाणारे नायक-नायिका, स्टीव्ह आणि जेन, म्हाताऱ्याला डॉक्टर हॅलन यांच्याकडे नेतात. डॉक्टर चादर उचलून बघतात तर म्हातारा नाही, फक्त फुगलेला गोळा. नर्स त्यावर ॲसिड फेकते, काही होत नाही. डॉक्टर गोळी झाडतात, काही होत नाही. मग स्टीव्ह परत येतो आणि खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांतून त्याला डॉक्टर दिसतात, अंगावर गोळा चढलेले, एका झटक्यात दिसतात आणि नाहीसे होतात. कॅमेरा बाहेरच राहतो.

पोलीस येतात तेव्हा घरात ना प्रेत, ना रक्त. खोली विस्कटलेली आहे, पण डॉक्टर एका परिषदेला बाहेरगावी जाणारच होते, तेव्हा गेले असतील. इथे पटकथेने राक्षसाच्या स्वभावातून गोष्टीचा मुख्य पेच काढला आहे. हा प्राणी खातो तेव्हा काहीच शिल्लक ठेवत नाही. काही शिल्लक नाही म्हणजे पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून रात्री गाड्या उडवणाऱ्या पोरांचं कोण ऐकणार? पडद्यावर प्रेत न दाखवण्यामागे पैशांची अडचण असेलही, पण ती अडचण कथेत अशी मुरली आहे की वेगळी काढता येत नाही.

चित्रपटाचा मधला मोठा भाग या 'कोणी ऐकत नाही' वर चालतो. समंजस लेफ्टनंट डेव्ह, पोरांवर खार खाऊन असलेला सार्जंट बर्ट, मुलांना घरी नेणारे आईबाप. मुलं शेवटी काय करतात, तर मध्यरात्री गाड्यांचे हॉर्न वाजवून सगळं गाव उठवतात. लोक झोपेच्या कपड्यांत रस्त्यावर येतात, आणि तेव्हा दाखवायला राक्षस तिथे नसतोच. हा प्रसंग बिनखर्चाचा आहे. त्यात हॉर्न आहेत, कुरकुरणारी माणसं आहेत आणि एक पोरगा आहे ज्याला स्वतःचं म्हणणं पटवून देता येत नाही. माझ्या मते या चित्रपटातला सगळ्यात ताणलेला प्रसंग हाच.

लाल गोळा म्हणजे साम्यवाद, असा अर्थ अनेकांनी लावला आहे. काळ शीतयुद्धाचा होता आणि ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक वर गेला, त्यामुळे तो अर्थ चटकन सुचतो. पण चित्रपटाचा वेळ कशावर खर्च झाला ते मोजलं तर तो मोठ्या माणसांच्या बहिरेपणावर झालेला दिसतो. रात्री मोटारी घेऊन फिरणाऱ्या मुलांसाठी हा चित्रपट होता. त्या वर्षी अमेरिकेत मोटारीत बसूनच चित्रपट पाहायची चार हजारांहून अधिक ड्राइव्ह-इन थिएटरं होती आणि त्यातला प्रेक्षक मोठ्या प्रमाणात याच वयाचा होता. त्यांच्या बाजूने बोलणारी गोष्ट त्यांना मिळाली.

सत्तावीस वर्षांचा शाळकरी मुलगा

स्टीव्हचं काम करणारा नट पडद्यावरच्या नामावलीत स्टीव्हन मॅक्वीन म्हणून आहे. पुढे जगभर गाजलेला तो हाच स्टीव्ह मॅक्वीन, आणि प्रमुख भूमिका त्याची ही पहिलीच. चित्रीकरणाच्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता आणि शाळकरी वयाचा मुलगा रंगवत होता. ते लपत नाही. त्याने नफ्यातला वाटा न घेता रोख मानधन घेतलं, साधारण तीन हजार डॉलर, कारण चित्रपट कमावेल असं त्याला वाटलं नव्हतं. पैशाची गरज त्या क्षणी खरी असेल तर तो निर्णय समजण्यासारखा आहे.

पण वयाची विसंगती एका जागी चित्रपटाच्या कामी आली आहे. मॅक्वीन घाबरतो तो मोठ्या माणसासारखा. ओरडत नाही, आवाज खाली आणतो, शब्द शोधतो. पोलीस चौकीत 'मी पाहिलंय' असं सांगताना त्याला आपलं बोलणं किती वेडगळ ऐकू येतंय हे कळतं, आणि तरी तो सांगत राहतो. जेनच्या भूमिकेतल्या अनीटा कोर्साँ यांनाही तोच सूर सापडला आहे. राक्षस चौकटीबाहेर असताना तो आहे असं वाटायला लावण्याचं काम या दोघांनी केलं.

पॅरामाउंटने काय बदललं

तयार चित्रपट हॅरिसने पॅरामाउंट या हॉलिवूडच्या कंपनीला तीन लाख डॉलरना विकला. पॅरामाउंटने तो दुसऱ्या एका विज्ञानभयपटाबरोबर जोडीने लावला. सुरुवातीला 'द ब्लॉब' या जोडीतला दुय्यम होता. लोकांचा कल पाहून पुढे क्रम बदलला.

एक बदल मात्र कलेच्या अंगाने महत्त्वाचा. सुरुवातीच्या नामावलीला कारमायकेल यांचं गंभीर संगीत होतं. पॅरामाउंटने ते काढून एक उडत्या चालीचं, गमतीचं गाणं घातलं. संगीतकार बर्ट बकरॅक, ज्यांचं नाव तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि शब्द मॅक डेव्हिड यांचे. 'द फाइव्ह ब्लॉब्ज' असं वाद्यवृंदाचं नाव असलं तरी आवाज बर्नी नी या एकाच गायकाचे, एकावर एक ध्वनिमुद्रित केलेले. गाणं बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३३व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि चित्रपटाची फुकट जाहिरात झाली.

धंद्याच्या दृष्टीने निर्णय अचूक होता. चित्रपटाला त्याची किंमत मोजावी लागली असं मला वाटतं. त्या गाण्यामुळे प्रेक्षक हसायच्या तयारीने बसतो, आणि येवर्थ यांनी मात्र चित्रपट पूर्ण गांभीर्याने केला आहे. गाण्याचा आवाज बंद करून पहिली दहा मिनिटं पाहिली की म्हाताऱ्याचा प्रसंग कितीतरी जास्त भिववतो.

कच्च्या बाजू

कौतुकाच्या भरात या झाकून ठेवू नयेत. मधली बोलकी दृश्यं लांबली आहेत. दोन माणसं समोरासमोर उभी राहून माहिती देत राहतात आणि कॅमेरा जागचा हलत नाही. किराणा दुकानातल्या प्रसंगात तणाव छान चढतो, पण त्याआधीची दहा मिनिटं ढिली आहेत. कलोनियल थिएटरमधून लोक बाहेर पळतात त्या प्रसिद्ध दृश्यात नीट पाहिलं तर काही जण हसताना दिसतात. गावकरी पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर पळत होते, तेव्हा असं होणारच, पण दुसऱ्यांदा घ्यायला हवा होता.

तरी ते दृश्य टिकलं आहे. फिनिक्सव्हिलमधलं ते थिएटर आजही सुरू आहे, आणि २००० सालापासून तिथे दर जुलैत ब्लॉबफेस्ट भरतो. लोक थिएटरात जमतात आणि आरडाओरडा करत दारातून बाहेर पळतात, त्या दृश्यातल्यासारखे.

हा प्राणी जगू शकतो का

विज्ञानभयपटाच्या अभ्यासात हा प्रश्न टाळणं मला पटत नाही. पटकथेने प्राण्याबद्दल फार थोडं सांगितलं आहे: तो सजीव आहे, मांस पचवतो, थंडी त्याला सोसत नाही. हे थोडकं असलं तरी आपसात सुसंगत आहे. भक्ष्याला अंगाने वेढून पचवायचं, ही अमीबाची रीत. थंडीचा नियम आधी दुकानाच्या शीतगृहात पेरलेला आहे. स्टीव्ह आणि जेन आत लपतात, गोळा दाराखालून आत येतो आणि मागे फिरतो. डायनरमध्ये विजेची तार पाडूनही काही होत नाही, पण कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक फवारताच तो आकसतो, तेव्हा स्टीव्हला शीतगृह आठवतं. सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूप असलेला हा वायू बाहेर पडताना एकदम प्रसरण पावतो आणि त्याचा काही भाग उणे ७८ अंश सेल्सिअसचा बर्फ होतो. म्हणजे शेवटची तोड भौतिकशास्त्राला धरून आहे. शाळेतली अग्निशामकं आणायला जेनचे वडील, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, स्वतः दगडाने शाळेची काच फोडतात. मोठी माणसं अखेर मुलांच्या बाजूला आली हे दाखवायला पटकथेला तेवढी एक फुटलेली काच पुरली.

आकार वाढत जातो तिथे मात्र शास्त्र साथ सोडतं. गोळा दुप्पट उंच झाला की पृष्ठभाग चौपट होतो आणि आकारमान आठपट. आतल्या भागाला अन्न आणि वायू पोचवणारी काही व्यवस्था नसेल तर मधला भाग उपासमारीने मरेल. अशी व्यवस्था असलेला एक खरा जीव पृथ्वीवर आहे. फायसॅरम पॉलिसेफॅलम नावाचा पिवळा स्लाइम मोल्ड ही एकच पेशी असते, तिच्यात असंख्य केंद्रकं असतात आणि आतला द्रव लयीत मागेपुढे वाहत राहतो. मेंदू नसताना तो चक्रव्यूहातून अन्नाकडे जाणारा जवळचा रस्ता शोधतो, हे जपानमधल्या तोशियुकी नाकागाकी यांच्या प्रयोगाने २००० साली दाखवलं. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात २०१९ साली तो लोकांना पाहायला ठेवला गेला तेव्हा त्याला या चित्रपटावरूनच 'ब्लॉब' म्हटलं गेलं. त्याचे भाऊबंद आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कुजक्या लाकडांवर पिवळ्या-पांढऱ्या थरासारखे दिसतात. ते पसरून नसतात तर जगले नसते. ब्लॉबचं शरीर गोळा न राहता जाळं असतं, तर तो शास्त्राला अधिक पटला असता.

बाहेरून सजीव येण्याच्या शक्यतेवर आपल्याकडे गंभीर काम झालं आहे आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने इस्रोच्या साहाय्याने हैदराबादहून फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि २००९ साली जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्यातल्या एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव आहे. ते जीव अंतराळातूनच आले असा दावा इस्रोने केला नाही. अतिनील किरणांसमोर ते नेहमीच्या जीवाणूंपेक्षा जास्त तग धरतात एवढं मात्र दिसलं. चित्रपटातला गोळा आणि हे जीवाणू यांच्यात नातं काही नाही, पण उल्केच्या कवचातून काहीतरी जिवंत उतरू शकेल हा प्रश्न विचारायला माणसं फुगे सोडतात, इतका तो खरा आहे.

तीच टोळी, पुढचे चित्रपट

हॅरिस आणि येवर्थ यांनी लगेच आणखी दोन चित्रपट केले. १९५९ चा 'फोर डी मॅन', ज्यात घन वस्तूंच्या आरपार जाणारा शास्त्रज्ञ आहे, आणि १९६० चा 'डायनोसॉरस!'. निर्माता आणि दिग्दर्शक तेच, अनुभव वाढलेला. तरी दोन्हींना 'द ब्लॉब'ची जागा मिळाली नाही. डायनोसॉर म्हणजे पाय, जबडा, कातडी, चाल, आणि डायनोसॉर कसा असतो याची प्रेक्षकाच्या मनातली आधीची प्रतिमा. तुलना सुरू झाली की स्वस्त चित्रपट हरतो. ब्लॉबची तुलना करायला कुणाकडे काही नव्हतं.

१९८८ साली चक रसेल यांनी नवी आवृत्ती केली, मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसा घालून, पण तिकीटबारीवर तो परत आला नाही. चित्रपट म्हणून ती मला आवडते. तिच्यातला गोळा पकडतो, विरघळवतो, तंतू फेकतो, आणि मृत्यू इतके जवळून दाखवतो की नजर वळवावी लागते. तिथे तो सरकारी जैविक प्रयोगातून निर्माण झालेला आहे. म्हणजे त्याला मालक मिळाला, दोषी मिळाले, आणि माणसांनी एकमेकांवर रागावण्याची सोय झाली. १९५८ च्या गोळ्याला कुणी पाठवलं नव्हतं आणि त्याला काही हवंही नव्हतं, भुकेशिवाय. हवाई दल त्याला पॅराशूटने उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात टाकून देतं तेव्हाही तो मेलेला नसतो, आणि 'समाप्त' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह येतं. दोन्ही पाहणार असाल तर आधी १९५८ चा पाहा, शक्यतो पुनर्संस्कारित रंगीत प्रत मिळवून, कारण फिकट झालेल्या जुन्या प्रतींमध्ये तो लाल रंग विटकरी दिसतो आणि चढत जाणारी लाली डोळ्यांना कळतच नाही.